निदानपरिवर्जन वस्तीपर्यंत पोहोचावे

पेठ, सुरगाणा तालुक्यांतून मजुरीसाठी नाशिकला येणारी अनेक कुटुंबे बांधकामाशेजारी झोपड्यांत राहतात. त्यांच्या बालकांचा अतिसार औषधाने थांबतो; परंतु शुद्ध पाणी व शौचालय नसल्यास तो पुन्हा उद्भवतो. चरकसंहितेत जनपदोद्ध्वंसाची कारणे म्हणून वायू, जल, देश व काल यांची दुष्टी सांगितली आहे. हेतू कायम ठेवून केलेली चिकित्सा अपुरीच होय. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पूरक आहार व लसीकरण आहे. मात्र गाव सुटले की पुष्कळदा नोंदही सुटते. म्हणून वैद्यबंधु-भगिनींनी अशा प्रत्येक बालकाची नोंद जवळच्या अंगणवाडीत करवून घ्यावी आणि वस्तीच्या पाण्यासाठी महानगरपालिकेकडे लेखी पाठपुरावा करावा. हेही निदानपरिवर्जनच आहे.