घर नव्हे, आधी आजींची खोली

गेल्या नवतपातील एका दुपारी परिचित कुटुंबाने मला तातडीने घरी बोलावले. टिनाच्या छपराखालील मागच्या खोलीत पंच्याहत्तरीच्या आजी असंबद्ध बोलत होत्या. अंग भाजत होते. समोरच्या बैठकीत मात्र नवा एसी सुरू होता. वेळीच उपचार मिळाल्याने आजी बचावल्या. पुढे मुलाने विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, साऱ्या घरालाच सेंट्रल एसी बसवू का?’’

सेंट्रल एसीची हवा खोल्याखोल्यांत नेण्यासाठी छताखालून रुंद डक्ट न्यावे लागतात. आपल्या वर्धा जिल्ह्यातील कवेलूंच्या वा टिनाच्या जुन्या घरांत त्यांना जागा नसते आणि त्यांची गरजही नसते. स्प्लिट एसीला डक्ट लागत नाही. भिंतीतील लहानशा छिद्रातून नळ्या नेऊन आतले व बाहेरचे यंत्र जोडतात. दहा बाय बाराच्या खोलीस सहसा एक टन पुरतो. टिनाखाली अधिक लागतो. तापमान 24 ते 26 अंश ठेवावे.

एसी परवडत नसल्यास कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम. मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी. पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही. अर्थिंग तपासून घ्यावे आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावाच. सेवाग्रामच्या बापू कुटीतील माती, बांबू व कवेलू आठवावेत: ऊन छपरावरच अडवणे हा पहिला उपाय. टिनावर पांढरा चुना आणि खाली छत, एवढ्यानेही फरक पडतो.

वार्धक्यात तहान मंदावते, घाम कमी येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी आणखी घटते. म्हणून ‘‘मला काही गरम होत नाही’’ या आजोबांच्या वाक्यावर विसंबू नये. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. बाहेर 45 अंश असताना नुसता पंखा तापलेली हवाच अंगावर फेकतो, हेही ध्यानात असावे.

उन्हाळ्यात वृद्ध व्यक्ती अकस्मात गोंधळली, बरळू लागली, तर 108 वर दूरध्वनी करावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

मुलाला मी एवढेच सांगितले, ‘‘नवे काही घेऊ नका. आजींची खाट बैठकीत आणा.’’ पाहुणे आता ओसरीवर बसतात.