कामाचे नाव वेगळे, म्हणून दाम वेगळा?

भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या शिवारात कापूस फुटला की बाया वेचणीला निघतात. फवारणी आणि नांगरट पुरुषांकडे. निंदणी, खुरपणी, वेचणी बायांकडे. दिवस दोघांचाही सारखाच मावळतो, मजुरी मात्र सारखी पडत नाही. ही तफावत कामामुळे की बाईपणामुळे?

रोनाल्ड वहाका आणि अॅलन ब्लाइंडर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली हे तपासण्याची एक रीत स्वतंत्रपणे मांडली. समजा, पुरुषांची सरासरी मजुरी ५०० रुपये आणि बायांची ३००. पुरुषांच्या शिक्षणाला व अनुभवाला बाजार काय दाम देतो, ते आधी काढायचे. मग तोच दर बायांच्या शिक्षण-अनुभवाला लावायचा. उत्तर ४५० आले, तर तफावतीतल्या ५० रुपयांचे कारण कळले. १५० रुपयांचे कळले नाही. भेदभाव त्या १५० मध्ये दडलेला असतो; अर्थात न मोजलेल्या इतर गोष्टीही त्यातच असतात.

खरी मेख पुढेच आहे. कारणांच्या यादीत ‘कामाचा प्रकार’ घातला, की १५० चे ४० होऊ शकतात. लगेच म्हटले जाते, भेदभाव फारसा नाहीच. बाया हलकी कामे करतात इतकेच! पण वेचणी हलकी, हे ठरवले कोणी? भर उन्हात ओटी बांधून दिवसभर वाकणे हलके म्हणावे काय? ज्याला आपण कारण म्हणतो, तेच भेदभावाचे फळ असू शकते.

कायद्यालाही हीच अडचण. १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या आधारे मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या महिला लघुलेखिकांची बाजू सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली उचलून धरली, कारण तेच काम करणारे पुरुष तिथे होते. वेचणीला पुरुष येतच नसेल, तर तुलना करायची कोणाशी?

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७९ साली अमलात आला. तिथे खोदलेल्या मातीचे माप घेतले जाई आणि बाई-बाप्याला दर एकच असे. वेचलेला कापूसही किलोवर मोजला जातो. पण त्या किलोचा दर ठरवताना ‘बायांचेच तर काम’ हा हिशेब मनात असतो की नाही? आकडेशास्त्र तफावतीची फोड करून देते. कामाची किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारावा लागेल.