हक्काचं मत नेमकं कुणाच्या हक्काचं? पेण-रोह्यातल्या जुन्या मतदाराने २०२४ मध्ये काय पाहिलं

पेण विधानसभा मतदारसंघात २००९ आणि २०१४ या दोन्ही निवडणुकांत मुख्य लढत त्याच दोघांमध्ये झाली. एका बाजूला शेतकरी कामगार पक्षाचे धैर्यशील पाटील, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे रवीशेठ पाटील. दोन्ही वेळा लाल बावटा जिंकला. २०१९ मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, पण तोवर रवीशेठ भाजपचे उमेदवार झाले होते आणि या वेळी ते जिंकले. २०२३ मध्ये धैर्यशील पाटीलही भाजपमध्ये आले. २०२४ संपेपर्यंत एक जण भाजपचे आमदार होते आणि दुसरे भाजपचे राज्यसभा खासदार.

नेत्यांचं जमलं. प्रश्न उरला मतदाराचा. ज्याने दहा वर्षं एकाला निवडून आणण्यासाठी दुसऱ्याला पाडलं, त्याच्या मताचं आता काय करायचं?

निवडणुकीच्या काळात चर्चा होते ती बहुतेक कुंपणावरच्या मतदाराची. तो कुठे झुकेल, त्याला काय हवंय, याचे अंदाज बांधले जातात. जो मतदार झुकतच नाही, वर्षानुवर्षं एकाच खुणेला मत देतो, त्याला 'हक्काची मतं' म्हणून हिशेबात धरलं जातं आणि पुढे त्याची विचारपूस होत नाही. २०२४ मध्ये पेण आणि रोह्यात सर्वांत अवघड पेपर याच मतदाराला आला होता.

'जुना मतदार' म्हणजे कोण?

अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्यांत 'पुराणमतवादी मतदार' हा शब्द वारंवार येतो. कमी कर, सरकारचा कमी हस्तक्षेप, धर्म आणि कुटुंबव्यवस्थेला मान, अशी त्याची मतं असतात आणि बहुतेक वेळा तो रिपब्लिकन पक्षासोबत असतो.

रायगडात हा शब्द जसाच्या तसा बसवता येत नाही. इथली जुनी राजकीय परंपरा डावी आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप १९३३ मध्ये सुरू झाला. पुढे शेकापने या जिल्ह्यात पाय रोवले. पूर्वीच्या कुलाबा लोकसभा मतदारसंघातून शेकापचे दि. बा. पाटील आणि रामशेठ ठाकूर खासदार झाले, तर काँग्रेसचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले अनेकदा निवडून आले. त्यामुळे पेणच्या खारपट्ट्यात 'आमच्या घरात आजोबांपासून एकच निशाणी' असं सांगणारा माणूस लाल बावट्याचा असू शकतो.

त्याच पेण शहरात संघ-जनसंघाच्या वळणाची घरं आहेत. शिवसेनेच्या धनुष्यबाणावर वाढलेली पिढी आहे. रोह्यात तटकरे घराण्याला मानणारा मोठा वर्ग आहे, कारण सुनील तटकरे रोहा तालुक्यातले. विचार वेगळे असले तरी या सगळ्यांच्या मत देण्याच्या पद्धतीत सारखेपणा आहे. ते दर निवडणुकीला नव्याने विचार करत नाहीत. घर, भावकी, गावकी आणि निशाणी यांनी त्यांचा निर्णय आधीच झालेला असतो.

अशा मतदाराला अडाणी किंवा आंधळा समजणं चूक ठरेल. खेड्यात पक्ष म्हणजे जाहीरनामा नसतो. रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारा, खारबंदिस्ती फुटली की तहसील कचेरीत सोबत येणारा कार्यकर्ता म्हणजे पक्ष. त्याच्याशी असलेलं नातं पाच वर्षांनी मोडायचं नसतं.

२०२४ मध्ये नेमकं काय बदललं?

रायगड लोकसभेत २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीन निवडणुका अनंत गीते आणि सुनील तटकरे यांच्यात झाल्या. माणसं तीच राहिली, त्यांच्याभोवतीचं सगळं बदललं.

२०१४ आणि २०१९ मध्ये गीते यांच्याकडे शिवसेनेचा धनुष्यबाण होता आणि सोबत भाजप. तटकरे यांच्याकडे अखंड राष्ट्रवादीचं घड्याळ होतं आणि सोबत काँग्रेस. त्यानंतर १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला, तर ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ अजित पवार यांच्या गटाला. ७ मे २०२४ रोजी मतदान झालं तेव्हा गीते मशाल घेऊन उभे होते. धनुष्यबाण मतदान यंत्रावर नव्हताच. तटकरे यांच्याकडे घड्याळ होतं, पण सोबत भाजप आणि शिंदे यांची शिवसेना होती.

हे चार प्रकारच्या जुन्या मतदारांच्या जागी उभं राहून पाहिलं की गुंता कळतो.

कमळाचा मतदार: आघाडी सरकारच्या काळात सिंचन घोटाळ्याच्या आरोपांवरून भाजपने तत्कालीन जलसंपदामंत्री तटकरे यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. तटकरे यांनी ते आरोप फेटाळले होते. २०२४ मध्ये याच मतदाराला मोदींसाठी घड्याळाचं बटण दाबायला सांगितलं गेलं. धैर्यशील पाटलांसाठी ही जागा भाजपला मिळावी, अशी स्थानिक कार्यकर्त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

धनुष्यबाणाचा मतदार: जून २०२२ मध्ये शिंदे यांच्यासोबत गेलेल्या रायगडच्या सेना आमदारांची एक जुनी तक्रार होती ती तेव्हाच्या पालकमंत्री अदिती तटकरे यांच्याविषयी. दोन वर्षांनी त्याच आमदारांनी अदिती यांच्या वडिलांचा प्रचार केला.

लाल बावट्याचा मतदार: २०१४ मध्ये शेकापने स्वतःचा उमेदवार दिला आणि त्याला सव्वा लाखाहून जास्त मतं मिळाली. २०१९ मध्ये पक्षाने तटकरे यांना पाठिंबा दिला. २०२४ मध्ये गीते यांना. दहा वर्षांत तीन वेगळे आदेश.

घड्याळाचा मतदार: वरवर पाहता त्याचं काहीच बदललं नव्हतं. तोच उमेदवार, तीच निशाणी. पण ज्या भाजपविरोधात तो इतकी वर्षं लढला, त्याचाच झेंडा आता प्रचारफेरीत शेजारी होता. शरद पवार समोरच्या बाजूला होते.

आकडे काय सांगतात?

२०१४ मध्ये गीते यांना ३,९६,१७८ आणि तटकरे यांना ३,९४,०६८ मतं मिळाली. फरक अवघा २,११० मतांचा. त्या निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्षही उभा होता. त्याला ९,८४९ मतं पडली. रायगडात नाव आणि निशाणीची नीट ओळख पटणं किती मोलाचं आहे, हे तेव्हाच दिसलं होतं.

२०१९ मध्ये तटकरे यांना ४,८६,९६८ तर गीते यांना ४,५५,५३० मतं मिळाली. तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये तटकरे यांना ५,०८,३५२ आणि गीते यांना ४,२५,५६८ मतं मिळाली. फरक ८२,७८४ वर गेला. अजित पवारांच्या राष्ट्रवादीने राज्यात जिंकलेली ही एकमेव लोकसभा जागा.

मताधिक्याचा आकडा मोठा दिसतो. पण दोन्ही निवडणुकांची मतं शेजारी ठेवली की वेगळी गोष्ट लक्षात येते. पाच वर्षांत तटकरे यांची मतं सुमारे २१ हजारांनी वाढली आणि गीते यांची सुमारे ३० हजारांनी घटली. दोन्ही उमेदवारांचे जवळजवळ सगळे मित्रपक्ष बदलले, एकाची निशाणी गेली, दोन पक्ष फुटले. तरीही प्रत्येकाच्या एकूण मतांत पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला नाही.

याचे दोन अर्थ निघतात. एक, बऱ्याच मतदारांनी पक्षांच्या आघाड्यांकडे दुर्लक्ष केलं आणि आपल्या माणसालाच मत दिलं. दुसरा अर्थ असा की दोन मोठे प्रवाह एकमेकांना ओलांडून गेले. भाजपचे मतदार गीते यांच्याकडून तटकरे यांच्याकडे गेले आणि काँग्रेस-शेकापचे मतदार तटकरे यांच्याकडून गीते यांच्याकडे. प्रत्यक्षात दोन्ही थोडं थोडं घडलं असणार. निष्ठा माणसावर होती की पक्षाच्या आदेशावर, हे बेरजेतून कळत नाही. म्हणूनच प्रत्येक पक्ष या निकालाचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावू शकतो.

एक आकडा मात्र लपत नाही. या निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर 'नोटा' होता आणि त्याला २७ हजारांहून जास्त मतं मिळाली. मतदान सुमारे साडेसाठ टक्के झालं. नोटाचं बटण दाबणाऱ्या प्रत्येकाचं कारण एकच नसतं. पण केंद्रावर येऊन, रांगेत उभं राहून 'यापैकी कुणी नाही' म्हणणारा मतदार उदासीन नक्कीच नसतो.

अमेरिकेतल्या नाराज मतदाराला काय मिळतं?

२०२४ हे अमेरिकेतही अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष होतं. तिथल्या अनेक जुन्या रिपब्लिकन मतदारांपुढचा प्रश्न पेणच्या मतदारासारखाच होता. पक्ष आपला, पण उमेदवार आपल्या कल्पनेतला नाही. तर काय करायचं?

तिथे या मतदाराला बोलायची दोनदा संधी मिळते. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी पक्षांतर्गत निवडणूक होते आणि तीत सामान्य समर्थकही मत देतो. रिपब्लिकन पक्षात डोनाल्ड ट्रम्प यांच्यासमोर निकी हेली होत्या. ६ मार्च २०२४ रोजी त्यांनी माघार घेतली. तरीही एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना दीड लाखाहून जास्त मतं पडली. त्या जिंकणार नाहीत हे मतदारांना माहीत होतं. त्यांना फक्त नाराजी नोंदवायची होती. जुलैमध्ये हेली यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि ५ नोव्हेंबरला ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया जिंकलं.

म्हणजे नाराजी मोजली गेली, पक्षाला तिचा आकडा कळला आणि त्यानंतर मतदाराने अंतिम निर्णय घेतला. ही पद्धत नाराजांना जिंकून देतेच असं नाही. ट्रम्प यांना उघड विरोध करणाऱ्या लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मोठ्या फरकाने हरल्या. पण पक्षाच्या मतदाराला काय वाटतं, हे निदान विचारलं जातं.

पेण-रोह्यात ही पहिली पायरीच नाही. जागा कुणाला सुटणार हे मुंबई-दिल्लीत ठरतं. मतदाराला यादी मिळते ती अंतिम. त्यामुळे त्याची सगळी नाराजी मतदानाच्या एकाच दिवसात मावावी लागते. मुकाट्याने सांगितलेलं बटण दाबणं, समोरच्याला मत देणं, नोटा, किंवा घरी बसणं. चारही वाटांवर कारण सांगायला जागा नाही.

पेणला एकदा थेट विचारलं होतं

मतदाराला नेमका प्रश्न विचारणं इथे अगदीच अनोळखी नाही. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं. त्या दिवशी उमेदवार नव्हता, निशाणी नव्हती. प्रश्न जमिनीचा होता. वेगवेगळ्या पक्षांचे शेतकरी त्यात होते. पुढे तो प्रकल्प उभा राहिला नाही.

जुना मतदार निशाणीला चिकटून असतो म्हणजे त्याला विचार करता येत नाही, असा समज असेल तर ही घटना आठवावी.

निकालानंतर काय झालं?

लोकसभेनंतर सहा महिन्यांत विधानसभा निवडणूक आली. रोहा तालुका पेण, अलिबाग आणि श्रीवर्धन अशा तीन विधानसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. त्यामुळे या एका तालुक्यात महायुतीच्या मतदारापुढे तीन निशाण्या होत्या. नागोठण्याचा भाग येणाऱ्या पेणमध्ये कमळ, अलिबागमध्ये धनुष्यबाण, रोहा शहर ज्यात येतं त्या श्रीवर्धनमध्ये घड्याळ. तिन्ही ठिकाणी महायुती जिंकली. विरोधकांची गत आणखी विचित्र झाली. मे महिन्यात शेकापने मशालीचा प्रचार केला होता. नोव्हेंबरमध्ये पेणमध्ये शेकाप आणि ठाकरे गट, दोघांचेही उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे होते.

मग १८ जानेवारी २०२५ रोजी अदिती तटकरे यांचं नाव रायगडच्या पालकमंत्रिपदासाठी जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. शिंदे यांच्या शिवसेनेचे महाडचे आमदार भरत गोगावले यांचा त्या पदावर दावा होता. मतदाराला 'आता आपण एक आहोत' असं सांगणारे पक्ष निवडणूक संपताच जुन्याच भांडणावर आले.

पुढच्या निवडणुकीत काय पाहायचं?

पेण-रोह्यातल्या जुन्या मतदाराने २०२४ मध्ये पाहिलं ते असं. निशाणी कुणाची हे आयोग ठरवतो, मित्र कोण हे नेते ठरवतात आणि उमेदवार वरून येतो. त्याच्या हाती उरते फक्त निष्ठा, आणि तीही नेमकी कुणावर ठेवायची हे त्याला दर निवडणुकीला नव्याने विचारावं लागतं.

म्हणून इथून पुढे मताधिक्याइतकंच तीन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवं. नोटाची मतं वाढतात की घटतात. मित्रपक्षाचा उमेदवार असेल तिथे मतदानाची टक्केवारी खाली येते का. आणि लोकसभा-विधानसभेला एक वागणारा मतदार ग्रामपंचायत, नगरपरिषदेत, जिथे उमेदवार त्याच्या ओळखीचा असतो, तिथे वेगळं वागतो का.

पक्ष ज्याला हक्काचं मत म्हणतात, तो हक्क मुळात मतदाराचा आहे. तो गप्प राहतो याचा अर्थ त्याने सगळं मान्य केलंय असा होत नाही. पेणमध्ये दोन जुने प्रतिस्पर्धी एकाच पक्षात गेले, तेव्हा त्यांच्या मतदारांना विचारायला कुणी आलं नव्हतं.