न मागितलेलं गाणं

गेल्या रविवारी दुपारी आमच्या घरात पाच माणसं होती आणि घर अगदी चिडीचूप. भांडण वगैरे काही नव्हतं हं! सासूबाईंच्या कानात अभंग, ह्यांच्या कानात जुनी हिंदी गाणी, लेकाच्या कानात क्रिकेटच्या गप्पा आणि लेकीच्या कानात नवी कन्नड सिनेगीतं. ‘जेवायला चला’ हे मला चौघांच्या खांद्याला हात लावून चार वेळा सांगावं लागलं. तुमच्याही घरी असंच आहे ना?

आपल्या बेळगाव भागाचं रेडिओशी नातं थोडं वेगळं. १९५० साली धारवाडला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, १९६३ साली सांगलीला. एकीकडून कन्नड, दुसरीकडून मराठी. काटा जरा फिरवला की भाषा बदलायची. सासूबाई लग्न होऊन कोल्हापूरहून आल्या, तेव्हा त्यांना कन्नडचा गंध नव्हता. शिकवणी कुणी लावली नाही. सकाळी भाकरी थापताना धारवाडच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, मधूनच एखादं वचन, कळो न कळो कानावर पडत राहिलं. वर्षभरात त्या भाजीवालीशी कन्नडमधून घासाघीस करू लागल्या! गदगचे भीमसेन जोशी तर अभंगही गायचे आणि पुरंदरदासांची पदंही. ऐकता ऐकता भाषा बदलली, हे आमच्या मागाहून लक्षात यायचं.

आताची गाण्यांची अ‍ॅप पहिल्यांदा उघडली की आधी विचारतात, तुमची भाषा कोणती? मग आपण काय पुन्हा ऐकलं, काय अर्ध्यावर सोडलं, याची नोंद ठेवतात आणि त्याच वळणाचं पुढचं गाणं लावतात. म्हणजे ताटात फक्त आवडीचं. पण ताटाला डावी बाजूही असते. चटणी-कोशिंबीर कुणी मागत नाही, तरी वाढली जाते आणि एक दिवस तिचीच गोडी लागते. रेडिओ ही डावी बाजू न विचारता वाढायचा.

नव्याला नावं ठेवायची नाहीत मला. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून गीतरामायणातली छप्पन्न गाणी आठवड्याला एक अशी लागायची. एक चुकलं की हळहळ. आता गुडघेदुखीने रात्री झोप लागली नाही, तर सासूबाई हवं ते गाणं हव्या त्या वेळी, कुणाची झोप न मोडता ऐकतात. हे सुख लहान नाही.

पण त्यांची कन्नड ज्या वाटेने आली, ती वाट नातवंडांसाठी बंद होतेय की काय, असं वाटत राहिलं. सोमवारी सकाळी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, तर आत सेल गळून सगळं गंजलेलं. मग फोनवरच प्रसार भारतीच्या अ‍ॅपवर धारवाड केंद्र लावलं, आवाज मोठा केला आणि फोन ओट्यावरच्या पितळी डब्यावर ठेवून दिला.

“आई, हे काय सकाळी सकाळी?” लेकाने कुरकूर केली. मी भाकरी थापत राहिले. थोड्या वेळाने एक दासांचं पद लागलं. शाळेची वेणी घालता घालता लेक थबकली. सिनेमातली कन्नड तिला पाठ आहे, पण ही जुनी कन्नड अडली.

“आज्जी, या शब्दाचा अर्थ काय गं?”

सासूबाईंना आधी ऐकूच गेलं नाही. उत्तर द्यायला त्यांनाच इअरफोन काढावे लागले. मग अर्थ सांगितला मराठीतून, पुढची ओळ गुणगुणल्या कन्नडमधून.

लेकाची कुरकूर अजून चालू आहे. पण सकाळचा अर्धा तास आता ओट्यावरच्या आवाजाचा. काय लागेल, ते आम्ही निवडत नाही.