परदेशी भाषा मराठीतून शिकवा

जगातली सर्वांत अवघड भाषा कोणती, या प्रश्नाचे तयार उत्तर आज कुणालाही मोबाइलवर मिळते. फ्रेंच आणि स्पॅनिश सोप्या, जर्मन जराशी कठीण, आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबी सर्वांत अवघड, असा तो क्रम असतो. परदेशी जाऊन काम करू पाहणाऱ्या वाशीम जिल्ह्यातल्या मुलामुलींनी या क्रमावर विसंबून भाषा निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा क्रम त्यांच्यासाठी लावलेलाच नाही. तो मुख्यतः अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेकडून आला आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा अधिकाऱ्यांना एखाद्या भाषेत कामकाज करण्याइतकी गती यायला किती आठवडे लागतात, याची नोंद तिथे ठेवली जाते. स्पॅनिशला सुमारे ३० आठवडे, जर्मनला ३६, आणि जपानी, कोरियन, अरबी, चिनी या भाषांना तब्बल ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २,२०० तास. नोंद प्रामाणिक आहे आणि तिच्यामागे अनेक दशकांचा अनुभव आहे. पण याच यादीत हिंदीही अवघड भाषांच्या गटात बसते आणि तिला ४४ आठवडे लागतात. मंगरूळपीरच्या बाजारात फिरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला हिंदी समजायला ४४ आठवडे लागत नाहीत. वर्गात न बसताही ती त्याला समजते. एकाच भाषेबद्दल इतका फरक पडत असेल, तर अवघडपणा त्या भाषेत नाही. तो शिकणाऱ्याच्या भाषेपासून तिच्या असलेल्या अंतरात आहे. अकोला वाशीमहून जवळ आहे आणि मुंबईहून लांब आहे. कुठून, हे न सांगता 'अकोला लांब आहे' असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

मग मराठीपासून मोजले तर काय दिसते? जपानी आणि कोरियनपासून सुरुवात करू, कारण भीती त्यांचीच जास्त आहे. इंग्रजी माणसाला या भाषांत सर्वांत जड जाते ती वाक्याची रचना. क्रियापद शेवटी येते, 'मध्ये', 'पासून', 'ला' यांसारखे शब्द नामाच्या आधी न येता नंतर येतात, आणि लांबलचक विशेषण-वाक्य नामाच्या आधी लागते. 'काल बाजारातून आणलेली भाजी' ही रचना त्याला उलटी वाटते; मराठी माणसाला ती जन्मापासून सुलटी आहे. साम्य एवढ्यावर थांबत नाही. आपण 'खाऊन बघ' म्हणतो, तसेच जपानी माणूस 'तबेते मिरु' म्हणतो. त्यातले 'तबेते' म्हणजे खाऊन आणि 'मिरु' म्हणजे बघणे. 'खाऊन टाकणे', 'घेऊन येणे' अशी जोड-क्रियापदेही तिथे आहेत. कॉलिन मॅसिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्रावर पुस्तक लिहिले. भारतीय भाषांना एकत्र बांधणाऱ्या यातल्या अनेक खुणा मध्य आशियातून पार कोरिया-जपानपर्यंत पसरलेल्या आहेत, हे त्याने नकाशे काढून दाखवले. कुळ वेगळे असूनही घडण सारखी असू शकते. जपानी अक्षरमालेकडे पाहा: अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध धर्माबरोबर सिद्धम् लिपी तिथे गेली आणि आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर त्यांची अक्षरे लागली. आजही जपानी शब्दकोश याच क्रमाने चालतात. आदरार्थी बोलण्याच्या पायऱ्या तिथे आपल्यापेक्षा जास्त आहेत. पण माणूस पाहून क्रियापद बदलायचे असते, ही गोष्ट 'तू ये' आणि 'आपण यावे' यांत वाढलेल्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही.

जर्मनचा प्रश्न जास्त निकडीचा आहे. महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतले बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार झाला आणि त्यात दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. वीजतंत्री, नळजोडणी करणारे, परिचारिका, वाहनचालक अशा कामांची ती मागणी. भाषा आली नाही तर हातातले कौशल्य तिथे निरुपयोगी ठरते, हे सर्वांनाच मान्य आहे. जर्मनबद्दल पहिली तक्रार असते ती तिच्या तीन लिंगांची. इंग्रजीत वाढलेल्याला टेबलाला लिंग का असावे हेच कळत नाही. मराठीत तो, ती, ते आहेतच, आणि ते बहुतेक वेळा तर्काने नव्हे, सवयीने ठरतात. मुलगी या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे याचे जगभर आश्चर्य केले जाते. आपल्या शेजारच्या कोकणीत 'चेडूं' हाही नपुंसकलिंगीच आहे. दुसरी तक्रार विभक्तींची. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत आणि त्या नेमक्या आपल्या व्याकरणातल्या प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. मराठी माध्यमातल्या मुलाने ही नावे शाळेतच पाठ केलेली असतात. 'मला हे आवडते', किंवा वऱ्हाडीत 'मले हे आवडते', या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस चतुर्थीत जातो. जर्मन वाक्यही 'मिर गेफेल्ट दास' असेच चालते, त्यातले 'मिर' म्हणजे मला. इंग्रजीतून शिकवणारा शिक्षक हे वाक्य 'अपवाद' म्हणून फळ्यावर लिहितो. मराठीतून शिकवणाऱ्याला एवढेच सांगावे लागेल की आपल्यासारखेच आहे.

अरबीबद्दल थोडक्यात. तिचे घशातले उच्चार आणि धातूंपासून शब्द घडवण्याची पद्धत मराठी माणसाला खरोखर परकी आहे. शिवाय पुस्तकातली अरबी वेगळी आणि आखातातल्या रस्त्यावरची वेगळी. पण शब्दांचा मोठा साठा आपल्या घरात आधीच आहे. जिल्हा, तालुका, तहसील, वकील, हक्क हे शब्द मुळात अरबी. सोयाबीन ज्या हंगामात पेरतात तो खरीप आणि गहू-हरभऱ्याचा रब्बी हेही अरबीच. आणि कारंजा, मंगरूळपीरच्या उर्दू शाळांतल्या मुलांना तर अरबी लिपी डावीकडून नव्हे, उजवीकडून वाचायची असते हेही नव्याने शिकायचे नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: रचना सारखी असली म्हणून जपानी सोपी होत नाही, कारण लिपी आडवी येते. हे खरेच आहे. जपानमध्ये सर्वसाधारण वापरासाठी ठरवलेल्या कांजी चिन्हांची संख्या २,१३६ आहे आणि ती पाठ करण्याला पर्याय नाही. ज्यांना चिनी चिन्हे आधीपासून येतात त्यांना जपानी वाचायला कमी वेळ लागतो, आपल्याला पुरा वेळ लागणार. चिनीच्या सुरांबाबतही मराठी माणसाला कसली सूट नाही. प आणि फ, त आणि थ यांतला चिनी भेद आपल्या कानाला सहज पकडता येतो, एवढाच फायदा. म्हणून जपानी सोपी आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे की तिचा अवघडपणा कुठे आहे हे आधी ओळखले, तर श्रम योग्य जागी लावता येतात. जपानने एप्रिल २०१९ पासून कुशल कामगारांसाठी जो नवा व्हिसा सुरू केला, त्यासाठी भाषेची एन-४ ही पायरी किंवा तिच्या तोडीची परीक्षा सहसा पुरते. पाच पायऱ्यांतली ही खालून दुसरी पायरी. तिथे लागणारी चिन्हे काही शेच असतात आणि भर ऐकण्या-समजण्यावर असतो, म्हणजे मराठीची घडण जिथे सर्वांत उपयोगी पडते तिथेच. जर्मनचा हिशेब वेगळा आहे. गोएथे संस्थेच्या अंदाजाप्रमाणे बी-१ या पायरीपर्यंत जायला पाऊण-पाऊण तासाच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, आणि रुग्णालयात पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला सहसा बी-२ लागते. मराठी येते म्हणून या तासिका टळत नाहीत. दोन-तीन महिन्यांत जर्मन शिकवून परदेशी पाठवण्याचे आश्वासन कुणी देत असेल, तर पालकांनी त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा आक्षेप असा, की महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, मग मुलांनी इंग्रजीतूनच परदेशी भाषा शिकली तर काय बिघडले? जर्मनचे कितीतरी शब्द इंग्रजीच्या जवळचे आहेत, जपानीतही इंग्रजीतून गेलेले शब्द भरपूर आहेत. शब्दसंग्रहापुरता हा मुद्दा मला मान्य आहे आणि इंग्रजीची ती मदत जरूर घ्यावी. पण व्याकरण समजावण्याची भाषा इंग्रजी ठेवली की मुलाला दुहेरी काम पडते. आधी तो आपल्या मराठी वाक्याचे इंग्रजी करतो, तिथे चतुर्थी हरवते, लिंग हरवते, क्रियापद मधे सरकते, आणि मग हे सगळे जर्मन किंवा जपानीत त्याला नव्याने मिळवावे लागते. ज्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे तो या पायरीवरच थांबतो, आणि आपल्याला भाषाच जमत नाहीत असे समजतो. उलट्या दिशेने आलेल्यांनी ही चूक केली नाही. फादर स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापले गेले ते पोर्तुगीजमधून. विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण इंग्रजीत लिहिले, आणि मोल्सवर्थचा १८३१ चा कोशही मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत सांगतो. ज्यांना आपली भाषा शिकायची होती त्यांनी साधने आधी शिकणाऱ्याच्या सोयीच्या भाषेत तयार केली.

तिसरा आक्षेप माझ्याच युक्तिवादातून निघतो. मराठीपासून मोजायचे, तर ज्यांची घरची भाषा मराठी नाही त्यांचे काय? बंजारा समाजाचे तीर्थस्थान पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे, मानोरा तालुक्यात, आणि बंजारा तांड्यांवरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी आहे. ती मुले मराठी शाळेत शिकतात, हिंदी कानावरून शिकतात, इंग्रजी पुस्तकातून शिकतात. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी ती चौथ्या भाषेपर्यंत पोहोचलेली असतात. गोरमाटीचीही घडण क्रियापद शेवटी असणारीच आहे, तेव्हा जपानीचा फायदा त्यांनाही मिळतो. शिवाय वर्गातल्या भाषेपेक्षा घरची भाषा वेगळी असण्याची त्यांना सवय असते, आणि ही सवय इंग्रजी एकभाषक माणसाकडे नसते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमचे नाव आहे. जिल्ह्यात काय कमी आहे हे ती यादी दाखवते, इथल्या मुलांना किती भाषा येतात हे मात्र कुठेच मोजले जात नाही. वाशीम म्हणजे वाकाटक राजांचे वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. दोन भाषांत काम चालवणे या गावाला तेव्हाही नवे नव्हते.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला, याच अमरावती विभागात, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. त्या विद्यापीठाने पहिल्या कामांत हे एक काम घ्यावे: जर्मन आणि जपानी शिकण्याची मराठीतली पुस्तके, ज्यांत व्याकरण प्रथमा-द्वितीयेच्या भाषेत समजावलेले असेल, उच्चार देवनागरीत असतील आणि सराव मराठी वाक्यांवरून असेल. सोबत आयटीआयच्या धंद्यांचे आणि परिचर्येचे शब्द मराठी-जर्मन, मराठी-जपानी कोशात आणावेत. पुण्यात या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या जात आहेत, तेव्हा मराठीतून समजावू शकणारे अनुभवी शिक्षक शोधायला लांब जावे लागणार नाही. शिक्षण खात्याने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत आणि आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू करावेत, म्हणजे रिसोड-मालेगावच्या मुलीला फक्त पहिली पायरी चढण्यासाठी पुण्यात खोली घ्यावी लागणार नाही. आणि मुलामुलींनी भाषा निवडताना ती अवघड आहे का, एवढेच विचारून थांबू नये. आपले काम कोणते, त्यासाठी कोणती पायरी लागते, तिला किती तास लागतात आणि शिकवणारा मराठीतून समजावू शकतो का, एवढे विचारावे.