सूर्य दोनदा उगवतो!

पळसदरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पाऊस, धबधबा, गरमागरम भजी आणि चिंब भिजलेला ग्रुप फोटो. बरोबर? पण बॉस, कॅमेरा घेऊन जायचं असेल तर कॅलेंडरची पानं जरा पुढे उलटा. माझं मत विचाराल तर पळसदरीचा तलाव बघावा डिसेंबर-जानेवारीत, आणि तोही उजाडायच्या आधी.

इथल्या उजेडाचा फंडाच वेगळा आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी. जानेवारीच्या मध्यात पंचांगातला सूर्य साधारण सव्वासातला उगवतो, पण तलावावर ऊन पडायला त्यानं डोंगर चढून यावा लागतो. म्हणजे सूर्योदय दोन! एक घड्याळातला, दुसरा डोंगरावरचा. बहुतेक मंडळी पहिल्याला सूर्य दिसला नाही म्हणून चहाच्या टपरीकडे वळतात. खरा फोटो असतो या दोन सूर्योदयांच्या मधे.

त्या वेळात ना कडक सावली, ना डोळ्यांवर येणारा प्रकाश. आधी सगळं निळं, मग करडं-गुलाबी. रात्रभरात हवा गार झालेली असते, पाण्यानं मात्र दिवसाची ऊब धरून ठेवलेली असते. त्यामुळे थंडी चांगली पडली असेल तर पाण्यावर धुक्याचा पातळ थर तरंगतो. ऊन आलं की थोड्या वेळात खेळ खल्लास.

ट्रायपॉड हवाच. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११ आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्काही लागणार नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पहाटेचा निळा रंग पुसायला बघेल, डेलाइटवर ठेवा. धुकं करडं दिसत असेल तर एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. पोलरायझर लावलात तर जपून फिरवा, नाहीतर पाण्यातलं प्रतिबिंबच गायब! मोबाइलवाल्यांनी आकाशावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करावं, बस्स.

आणि एक सिरियस गोष्ट. कर्जत-खालापूर भागातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर माणसं बुडाली आहेत, म्हणून प्रशासनाला अनेक पावसाळ्यांत पर्यटकांवर बंदी घालावी लागली. हिवाळ्यातही अंधारात काठावरचा शेवाळलेला दगड दिसत नाही. टॉर्च घ्या, कुणाला तरी सोबत न्या आणि फ्रेमसाठी पाण्यात उतरू नका. फोटो पुढच्या रविवारीही मिळेल.

आठवडाभर आपण दुसऱ्यांच्या डेडलाइनवर पळतो. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला तर रविवारही आपला नसतो. पण डोंगरामागच्या सूर्याला रिमाइंडरचा मेल टाकता येत नाही. तो येईल तेव्हाच येणार, आपण फक्त थांबायचं. आठवड्यात एकदा एवढं थांबणं मला तरी परवडतं!

कसं जाल? मुंबईहून कर्जत सुमारे १०० किलोमीटर. पळसदरी हे खोपोली लोकलवरचं कर्जतनंतरचं पहिलंच स्टेशन. पहाट गाठायची तर शनिवारी रात्रीच कर्जतला मुक्काम टाका आणि रिक्षा आदल्या दिवशी ठरवून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर फुललेला पळस बोनस!