मांडलेला खेळ, आवरलेले घर

गृहसजावटीच्या पुरवण्यांतून आणि पालकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांतून एक सल्ला इतक्या निःशंकपणे दिला जातो की त्याला प्रश्न विचारावा असे सहसा कुणाला वाटत नाही. सल्ला असा: घरातील खेळण्यांचे प्रकारवार वर्गीकरण करा, प्रत्येक प्रकाराला एक पारदर्शक डबा द्या, डब्यावर चित्रासह चिठ्ठी चिकटवा, आणि रात्री झोपण्यापूर्वी मुलांकडून प्रत्येक वस्तू 'तिच्या घरी' पाठवून घ्या. गाड्या गाड्यांत, प्राणी प्राण्यांत, ठोकळे ठोकळ्यांत. यामुळे घर नीटनेटके राहते, मुलांना शिस्त लागते आणि वर्गीकरण ही तर गणिताची पूर्वतयारीच, असे सांगून या व्यवस्थेला शैक्षणिक प्रतिष्ठाही बहाल केली जाते.

या सल्ल्याला माझा विरोध आहे. साहित्याचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांपुढे तो ठेवण्याचे कारण एवढेच की वर्गीकरण आणि कथन यांच्यातले जुने भांडण इथे, बैठकीच्या खोलीतल्या फरशीवर, रोज रात्री आठच्या सुमारास नव्याने सुरू होते. आणि रोज वर्गीकरणच जिंकते, कारण केरसुणी त्याच्या बाजूला असते.

चार-पाच वर्षांच्या मुलाचा खेळ जरा लक्ष देऊन पाहावा. बुद्धिबळातला घोडा आजारी आहे. त्याला आगपेटीच्या खोक्यात निजवले आहे. डॉक्टर म्हणून जी आली आहे ती खरे तर एक बिनहाताची बाहुली; तिच्या औषधांच्या बाटल्या म्हणजे शीतपेयांची तीन बुचे. दवाखान्याबाहेर ठोकळ्यांची रांग लागली आहे, ती नातेवाइकांची. आता आवरायची वेळ होते. घोडा बुद्धिबळाच्या पेटीत जातो, बाहुली बाहुल्यांत, ठोकळे ठोकळ्यांत, आणि बुचे अर्थातच कचऱ्यात, कारण बुचांसाठी डबाच नाही. प्रत्येक वस्तू जागेवर पोचली. दवाखाना मात्र कुठेच ठेवला गेला नाही. ज्या संबंधांमुळे या वस्तूंना अर्थ आला होता, त्या संबंधांनाच या व्यवस्थेत जागा नाही. एखाद्या कादंबरीतली सर्व नामे एका पेटीत, सर्व क्रियापदे दुसऱ्या पेटीत भरून ठेवावीत आणि कादंबरी सुरक्षित आहे असे समाधान मानावे, त्यातला हा प्रकार आहे.

हे वर्गीकरण आले कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. मूल वस्तूंना 'वाहने', 'प्राणी', 'शैक्षणिक' अशा गटांत पाहत नाही. असे गट खेळण्यांच्या दुकानात असतात. तिथे ते विक्रेत्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी हवेतच. आपण दुकानाची मांडणी जशीच्या तशी घरात आणतो आणि तिला शिस्त म्हणतो. (आपल्या समीक्षेतही 'ग्रामीण', 'महानगरी' असे पारदर्शक डबे आहेत आणि कित्येक पुस्तके त्यांत बसवताना त्यांचे हातपाय मोडले आहेत. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मराठी भाषेला या प्रकरणातले मर्म आधीपासून ठाऊक आहे. आपण खेळ 'मांडतो'. भातुकली मांडतो, डाव मांडतो, दुकान मांडतो, संसार मांडतो आणि वादात मुद्दाही मांडतो. भांडी ज्या घडवंचीवर वा फळ्यांवर दिसतील अशी ठेवतात, तिला स्वयंपाकघरात 'मांडणी' म्हणतात आणि लेखाच्या रचनेलाही मांडणीच म्हणतात. म्हणजे जागेवर ठेवणे आणि अर्थ घडवणे या दोन्ही क्रिया भाषेने एकाच धातूवर सोपवल्या आहेत. याउलट आपण 'आवरतो' ते काय? घर आवरतो, पसारा आवरतो; आणि राग, हुंदका, मोह हेही आवरतो. आवरण्यात दाबून धरण्याचा अर्थ दडलेला आहे. आणि 'पसारा' हा शब्द तर संतांनी विश्वाच्या विस्तारासाठी वापरला आहे. ज्या भाषेत ब्रह्मांडालाही पसारा म्हणतात, त्या भाषेत मुलाच्या पसाऱ्याचे नाव निघताच कपाळाला आठ्या पडाव्यात हे जरा नवलच.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन समीक्षकाने १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्फुटसंग्रहात अव्यवस्थित मुलावर एक छोटे टिपण लिहिले आहे. मुलाचा खण आवरणे म्हणजे त्याने उभारलेले काहीतरी जमीनदोस्त करणे, असा त्याचा आशय. खेळण्यांचा मुद्दाम संग्रह करणारा हा माणूस होता. आवरण्याचे शास्त्र त्याला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही.

परंतु प्रश्न केवळ डब्यांचा नाही. खेळणी कुठे ठेवायची, हा पूर्वीपासून सत्तेचा प्रश्न आहे. मध्यमवर्गीय मराठी घरातली काचेची शोकेस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. परदेशातल्या काकांनी आणलेली, डोळे मिटणारी बाहुली तिच्यात असे, बहुधा अंगावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. ती मुलीची असे, पण किल्ली आईकडे असे. बाहुलीचे खरे काम पाहुण्यांना दिसणे हे होते. आज काचेच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिक आले आणि किल्लीच्या जागी चिठ्ठी आली. पाहणारा मात्र तोच राहिला.

या संदर्भात ज्यांचे नाव आज फळ्या-कपाटांच्या जाहिरातींत सर्वाधिक घेतले जाते त्या मारिया माँटेसोरी यांचीच एक हकीकत आठवावी. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत १९०७ साली त्यांनी आपले पहिले बालगृह सुरू केले. तिथले साहित्य एका मोठ्या कपाटात कुलपात असे. शिक्षिका ते काढून देई आणि परत ठेवी. एके दिवशी तिच्याकडून कपाटाला कुलूप लावायचे राहिले, आणि ती आली तेव्हा मुले दार उघडून आपापल्याला हवी ती वस्तू घेऊन जात होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसोरींना त्यात निवड दिसली. मुलांना कोणती वस्तू कुठे आहे हे माहीत होते आणि काय हवे हेही माहीत होते. त्यानंतर उंच कपाट जाऊन मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली.

या बुटक्या कपाटाचा सगळा अर्थ 'कुणालाही न विचारता घेता येणे' यात आहे. आज 'माँटेसोरी पद्धतीची' म्हणून जी लाकडी फळी विकली जाते, तिच्यावर सहा वस्तू सहा वेताच्या टोपल्यांत समान अंतरावर ठेवलेल्या असतात, रंग भिंतीशी जुळलेले असतात, आणि मुलाने ठोकळ्यांच्या टोपलीत वाटीतले मणी मिसळले की छायाचित्र बिघडले म्हणून आई हळहळते. माँटेसोरींच्या बालगृहात वस्तू जागेवर परत ठेवण्याचा आग्रह होता, हे खरे. पण ते साहित्य खेळणी नव्हतेच. प्रत्येक वस्तू एका विशिष्ट इंद्रियसंस्कारासाठी घडवलेली होती, आणि मुले खेळण्यांपेक्षा तीच पसंत करतात असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. अभ्यासाच्या साधनांचा नियम कल्पनेच्या खेळाला लावणे म्हणजे शब्दकोशाचा अनुक्रम कवितेला लावणे. कुलूप काढण्याची गोष्ट ज्यांनी सांगितली, त्यांच्या नावाने आपण नवे कुलूप विकत आणले आहे.

महाराष्ट्रात या विचाराचे काय झाले ते अधिक बोधक आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत सहभागी असलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे काम वाढवले. महागडे साहित्य तिथे परवडणारे नव्हते. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य झाले. याचे कौतुक काटकसर म्हणून पुष्कळ झाले आहे. माझ्या मते त्यातला मोठा लाभ साठवणुकीचा होता. हरवलेली चिंचोक्याची बी अंगणातून पुन्हा आणता येते. म्हणून चिंचोक्यांना कुलूप लागत नाही. वस्तू मौल्यवान झाली की कपाट येते, कपाट आले की किल्ली येते. शाळेत आलेला खेळण्यांचा संच डेडस्टॉक रजिस्टरात चढतो आणि एखादा नग कमी भरला तर जबाब द्यावा लागेल या भीतीने कपाटातच राहतो, हे अनेक शिक्षकांना आतून ठाऊक आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रजिस्टराला खेळ मोजता येत नाही, नग मोजता येतात.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण तिच्याशीही माझे पटत नाही. 'मुलांचे घर म्हणजे पसारा असायचाच, तोच घराचा जिवंतपणा' असे म्हणणारा एक वर्ग आपल्यात आहे आणि त्यात साहित्यिकांचा भरणा मोठा आहे. हे वाक्य उच्चारणारा बहुतेकदा आरामखुर्चीत असतो आणि ते ऐकणारी फरशीवर ओणवी. रोलां बार्थने फ्रेंच खेळण्यांवर लिहिलेला निबंध आपण वर्गात आवडीने शिकवतो. खेळणी मुलाला निर्माता न करता वापरकर्ता करतात, हा त्याचा मुद्दा आजही धारदार आहे. पण त्या निबंधातले लाकूड आणि प्लॅस्टिक रात्री कोण उचलते, याचा त्यात पत्ता नाही. बेन्यामिनच्या टिपणातही नाही. मुलाचा पसारा ही कलाकृती असेल, तर तिच्या सभोवती कुणाची तरी कंबर मोडते आहे, हेही त्या कलाकृतीच्या समीक्षेत यायला हवे. वन रूम किचनमध्ये, जिथे खेळायची फरशी हीच जेवायची आणि झोपायची जागा असते, तिथे 'राहू द्या तसेच' हा सल्ला निव्वळ निर्दयपणा आहे. आणि रांगते भावंड घरात असेल तर मणी, लोहचुंबक, बटणाएवढे सेल हे झाकणाच्या डब्यात उंचावरच हवेत. हे एक वर्गीकरण मला बिनतक्रार मान्य आहे, कारण त्याला कारण आहे.

तेव्हा आवरायला हवेच. प्रश्न इतकाच की किती आणि कसे.

'किती' याचे उत्तर खेळणी घरात येतात त्या दारापाशी आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात ३६ लहानग्यांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी असलेल्या खोलीत खेळू दिले. खेळणी ४ असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि त्यांचे अधिक प्रकारचे उपयोग त्यांनी शोधले. छत्तीसच मुले होती, तेव्हा याला सिद्धान्त म्हणू नये. पण वाढदिवसाच्या 'रिटर्न गिफ्ट'चा ढीग उपसलेल्या कुणालाही हा निष्कर्ष परका वाटणार नाही. साठवणुकीचा व्यवसाय हा प्रश्नच उलटा करतो. खेळणी जास्त झाली आहेत हे मान्य न करता तो डबे कमी पडत आहेत असे सांगतो.

मुलासाठी आणलेली वस्तू मुलासाठीच असते असेही नाही. 'मृच्छकटिका'च्या सहाव्या अंकात रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो आणि वसंतसेना त्याच्या मातीच्या गाडीत आपले अलंकार भरते. हा प्रसंग आपण वात्सल्याचा म्हणून शिकवतो, आणि तो आहेच. पण त्या क्षणी गाडीचे खेळणेपण संपते आणि ती दागिन्यांची पेटी होते. पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्तावर उलटतात. नाटकात पुढे कुणीही त्या गाडीने खेळताना दिसत नाही.

मारी कोन्डो यांच्या आवरण्याच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर २०१४ साली आले आणि त्यांची पद्धत जगभर पोचली. २०२३च्या जानेवारीत, तिसऱ्या अपत्यानंतर, आपण घर टापटीप ठेवण्याचा नाद बराचसा सोडला आहे असे त्या म्हणाल्या तेव्हा अनेकांनी खिल्ली उडवली. मला त्यात खिल्लीचे काही दिसत नाही. कोणती वस्तू आनंद देते हे ठरवणारी व्यक्ती एकच असेल तोवर ती पद्धत चालते. ज्या घरात आनंदाचे चार वेगवेगळे मालक आहेत आणि त्यांतल्या तिघांना बुचे हवी आहेत, तिथे ती अडते.

राहिले 'कसे'. यासाठी विकत घेण्यासारखे फारसे काही नाही. जुनी सतरंजी किंवा जाड चादर अंथरून तिच्यावरच खेळायचे, आणि वेळ झाली की चारी कोपरे उचलून गाठोडे बांधायचे, ही युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. तिच्यात वर्गीकरण नसते. आजचा दवाखाना उद्या त्याच गाठोड्यातून निघतो, थोडा विस्कटलेला, पण सगळे नातेवाईक जागच्या जागी. ज्या खेळाचे अजून संपलेले नाही तो पाटावर किंवा मोठ्या परातीत मांडू द्यावा आणि तसाच दिवाणाखाली सरकवावा. खोल डबे टाळावेत. तळची गाडी मिळवण्यासाठी मुलाला सगळा डबा पालथा करावाच लागतो, आणि मग त्यासाठी त्यालाच बोलणी बसतात. उथळ टोपल्या बऱ्या. खेळणी जास्त असतील तर निम्मी माळ्यावर जावीत, पण कोणती जावीत हे मुलाला विचारून. आणि गाठोडे बांधायला, पाट सरकवायला घरातल्या पुरुषांचे हात चालतात.

डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्याच असतील तर त्या मुलाने सांगितलेल्या असाव्यात. 'हे कुठे राहते?' असे विचारले की मूल बहुधा एक गोष्ट सांगू लागते: घोडा बुद्धिबळात राहत नाही, त्याला तिथे राजा ओरडतो, तो आगपेटीत राहतो. ते चिठ्ठीवर मावणार नाही. तरी लिहून ठेवावे.